जुन्या कोब्यावर नवी फरशी: पाणी जाणार कुठे?

अंगणातला कोबा, म्हणजे काँक्रीटचा सलग थर, धडधाकट असेल तर तो फोडायचा कशाला, त्याच्यावरच फरशी बसवू, हा विचार चुकीचा नाही. इतकी वर्षं भार सोसून स्थिरावलेला कोबा सहसा आणखी खचत नाही. गवंड्यापुढचा प्रश्न मजबुतीचा नसतो, पाण्याचा असतो.

खडी-वाळूवर बसवलेल्या फरशीच्या सांध्यांतून झिरपलेलं पाणी जमिनीत मुरतं. कोब्यावर ते अडतं. मध्ये नुसती वाळू असेल तर ती भिजूनच राहते. वर पाय पडला की पाणी दाबलं जातं, पण ते आकसत नाही. सांध्यातून उसळतं आणि जाताना बारीक वाळू घेऊन जातं. फरशी डुगडुगायला लागते ती अशी. त्यामुळे उतार हवाच, साधारण 80 ला 1, म्हणजे 4 मीटरला 5 सेंटिमीटर. आणि तो कोब्यालाही हवा. वर उतार, खाली खळगा असेल तर पाणी नजरेआड साचतं.

माल, म्हणजे सिमेंट-वाळूचं मिश्रण, वाचवायला फरशीखाली चार कोपऱ्यांत आणि मध्यभागी त्याचा एकेक गोळा ठेवण्याची सवय मला सगळ्यात घातक वाटते. गोळ्यांमधल्या पोकळीत पाणी बसतं आणि आधार नसलेल्या जागी वजन पडलं की फरशी तडकते. सच्छिद्र दगडावर तर खालचे गोळे ओलसर डागांच्या रूपात वर उमटतात. सिमेंट घट्ट होताना कॅल्शियम हायड्रॉक्साइड तयार होतं. ते पाण्यात विरघळून दगडातून वर येतं, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी संयोग पावतं आणि कॅल्शियम कार्बोनेटचा पांढरा थर धरतो. साध्या पाण्याने तो धुतला जात नाही. फरशीखाली सलग माल पसरला तर यातलं बरंच टळतं.

पकडीचं शास्त्र वेगळं. सिमेंटचे स्फटिक पृष्ठभागाच्या छिद्रांत वाढतात, म्हणून ते धरून ठेवतं. कोब्यावर शेवाळ, तेल किंवा धूळ असेल तर सिमेंट त्या थरालाच चिकटतं. पोर्सेलिनची फरशी स्वतःच्या वजनाच्या 0.5 टक्क्याहूनही कमी पाणी शोषते. तिच्या पाठीला पॉलिमर मिसळलेली सिमेंटची स्लरी, म्हणजे पातळ लेप, लावावीच लागते.

ऊनही काम करत असतं. तापमान 30 अंशांनी वाढलं की 5 मीटर काँक्रीट सुमारे दीड मिलिमीटर लांबतं. वरची फरशी आणि खालचा कोबा सारखे तापत नाहीत, त्यामुळे दोघांमधल्या थरावर ताण येतो. भिंतीलगत फट सोडली नाही तर फरश्या एकमेकींना रेटून उचलल्या जातात. कोब्यातला प्रसरण-सांधा, म्हणजे उन्हाने लांबायला मुद्दाम सोडलेली फट, मालाने बुजवून वर सलग फरशी घातली, तर नेमकी त्याच रेषेत भेग उमटते. तो सांधा वरपर्यंत तसाच आणायचा. कोब्याची भेग अजून रुंदावत असेल तर मात्र फोडण्याला पर्याय नाही.

शेवटचा हिशेब उंचीचा, खरं तर तो पहिला. 25 मिलिमीटरची फरशी आणि 35 मिलिमीटर माल म्हणजे अंगण 6 सेंटिमीटर वर येतं. जमिनीवर आपटलेलं पावसाचं पाणी भिंतीवर उडतं, म्हणून भिंतीतला ओलरोधक थर फरशीच्या किमान 15 सेंटिमीटर वर ठेवण्याची रीत आहे. तेवढी जागा उरत नसेल तर कोबा कितीही भक्कम असला तरी तो काढावाच लागतो.