चुन्यानं सोललेला हात आणि क्रोमनं खाजणारा हात

"चामड्यात हात घातला की फुटणारच," असं कोल्हापूरच्या सुभाषनगरातल्या आमच्या मामी कौतुकानं सांगायच्या. चपलेच्या वेण्या घालून बोटांना घट्टे पडलेले. पण हात फुटण्याचे प्रकार दोन, आणि दोन्हींवर एकच मलम चोळतात, हे मला खटकतं.

एक दाह. केस सुटावेत म्हणून कातडं चुन्यात मुरवतात. चुन्याच्या निवळीचा पीएच १२ च्या वर असतो. त्यानं त्वचेवरचा तेलकट थर निघून जातो, बोटांच्या बेचक्या लाल होतात, सोलतात, झोंबतात. जिथं चुना लागला तिथंच, आणि कुणालाही.

दुसरी अ‍ॅलर्जी. दहाजण एकाच कामावर असले तरी ती होते एखाद्यालाच. वर्षानुवर्षं काही होत नाही, मग एकदा शरीर त्या पदार्थावर डूख धरतं. त्यानंतर कणभरही पुरतो. झोंबण्यापेक्षा खाज जास्त, बारीक पाणीदार फोड. शिवाय उठतं ते दिवस-दोन दिवसांनी, त्यामुळं आळ भलत्यावरच जातो. चामड्यात नेहमीचा संशयित क्रोमियम. गवंड्यांना सिमेंटनं येणारी खाजही बहुधा त्याचीच. बाभळीची साल आणि हिरडा घालून कमावलेल्या कातड्यात क्रोम, म्हणजे क्रोमियमचे क्षार, वापरत नाहीत. क्रोमवर कमावलेल्या चामड्यात मात्र साध्या, तीन संयुजेच्या क्रोमियमपैकी थोडं सहा संयुजेच्या, म्हणजे जास्त तीव्र रूपात बदलू शकतं. तेच जास्त घातक. युरोपात २०१५ पासून अंगाला लागणाऱ्या चामड्यात ते किलोमागं ३ मिलिग्रॅमच्या आत असावं लागतं.

सुट्टीत हात बरा झाला म्हणजे चुनाच, असं समजू नका. अ‍ॅलर्जीही सुट्टीत निवते. कामावर परतल्यावर जराशा स्पर्शानं पुन्हा उसळली तर संशय घ्यावा. त्यात चुन्यानं फुटलेल्या कातडीतून क्रोम सहज आत शिरतं, म्हणजे पहिलं दुखणं दुसऱ्याला दार उघडून देतं. हातमोजे घालावेतच, पण काहींना रबरातल्या रसायनांचीच अ‍ॅलर्जी असते.

खरा निवाडा पॅच टेस्टचा. त्वचारोगतज्ज्ञ पाठीवर संशयित पदार्थांच्या पट्ट्या चिकटवतात, दोन दिवसांनी काढून बघतात, पुढं एक-दोन दिवसांनी परत बघतात. तोवर पाठीला पाणी लावायचं नाही. उन्हाळ्यात ते किती जड जातं ते मामींना विचारा.

त्यांच्या पाठीवर क्रोमची जागा स्वच्छ राहिली. उठली ती चिकटवायच्या सोल्युशनमधल्या राळेची. आता सोल्युशन मामा लावतात, वेण्या मामी घालतात.