नौकेवरील घटमालेचे प्रभारण

नौकेवरील घटमालेचे प्रभारण : धक्क्यावरील वीजजोडणी तुटल्यानंतर नौकेतील संचायक विद्युत् घटमाला (बोलीत ‘बॅटरी’) भरलेली ठेवण्याची रीत. एंजिनाचा स्टार्टर, दिवे, तळातले पाणी उपसणारा पंप आणि बिनतारी संच यांचा भार तिच्यावर असतो.

शिसे-आम्ल घटाचे जनकत्व वादाचे आहे. श्रेय बहुधा गास्ताँ प्लांते (१८५९) यांना दिले जाते. परंतु जर्मन वैद्य व्हिल्हेल्म योझेफ झिन्स्टेडेन यांनी विरल सल्फ्यूरिक आम्लात बुडवलेल्या शिशाच्या पट्ट्यांचा वीज साठवण्याचा गुण १८५४ मध्येच नोंदला होता. १८०३ च्या सुमारास योहान रिटर यांनी रचलेली तांब्याच्या चकत्यांची दुय्यम (पुन्हा भरता येणारी) चळत त्याहून जुनी. मात्र तीत शिसे नव्हते. वापरण्याजोगा संचायक प्लांते यांनीच घडवला, त्यामुळे रूढ मत सोडण्याचे कारण दिसत नाही. कामीय फोर यांच्या लेप दिलेल्या पट्ट्या १८८०–८१ च्या आसपासच्या. १८८२ मध्ये टेम्स नदीवर ‘इलेक्ट्रिसिटी’ ही होडी संचायकांवर चालली. याकोबी यांची नीवा नदीतील होडी सु. १८३८ ची, पण तिच्यात प्राथमिक (पुन्हा भरता न येणारे) घट होते, म्हणून प्रभारणाचा प्रश्नच नव्हता.

बारा व्होल्टची पूर्ण भरलेली शिसे-आम्ल घटमाला विसाव्यात सु. १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते. भरताना विद्युत् दाब १४.४ व्होल्टच्या आसपास पोचला की प्रवाह ओसरू लागतो आणि शेवटचे वीसेक टक्के भरायला कित्येक तास जातात. तेवढ्यासाठी एंजिन घरघरत ठेवणे म्हणजे डिझेलची नासाडी. उलट घटमाला वरचेवर अर्धवट ठेवली, तर पट्ट्यांवरचे लेड सल्फेट कठीण होते आणि ती ‘बसते’. म्हणून सकाळी तासभर एंजिन आणि उरलेले दिवसभर सौर पट्ट्यांवर, ही जोडी चांगली : ऊन सावकाश देते, आणि शेवटच्या टप्प्याला सावकाशच हवे असते. पवनजनित्राची शक्ती वाऱ्याच्या वेगाच्या घनाप्रमाणे बदलते, त्यामुळे मंद वाऱ्यात ते नुसते फिरते. लिथियम-आयर्न-फॉस्फेट घटांना ही रेंगाळ जवळजवळ नसते; पण ते इतका प्रवाह ओढतात की संथ फिरणारा अल्टरनेटर (एंजिनावर फिरणारे जनित्र) तापून जळू शकतो.

कोल्हापूर परिसरात दीर्घ जलप्रवास नाही. रंकाळ्यातील होड्या रोज काठाला लागतात. प्रश्न उभा राहतो तो पुरात. ऑगस्ट २०१९ व जुलै २०२१ मध्ये पंचगंगा पात्राबाहेर पसरली. पाण्याखालच्या भागात वीज बंद ठेवावी लागते, म्हणजे किनाराच वीजहीन होतो. लहान आउटबोर्ड (होडीच्या मागे बाहेरून लावलेले एंजिन) दोरी ओढून सुरू होते, पण शोधदिव्याला घटमाला लागतेच. आभाळ भरलेले असल्याने सौर पट्ट्या नेमक्या तेव्हाच नाममात्र वीज देतात. अशा वेळी उंचावर उभा केलेला ट्रॅक्टर प्रभारणाच्या कामाला येतो. त्याची घटमालाही बहुधा बारा व्होल्टचीच असते. भोवती पाणीच पाणी असले, तरी घटात ऊर्ध्वपातित पाणीच घालावे. भरताना हायड्रोजन सुटतो, त्यामुळे पावसापासून आडोसा म्हणून टाकलेली ताडपत्री एका बाजूने उघडी ठेवावी.