मानस आणि मोटर: नसेतला सिग्नल पंप पाठवतो की चॅनल?

बारावीच्या पोरांना विचारलं, चेतापेशीतला विजेचा सिग्नल कोण तयार करतं, की बरीचशी ठोकून देतात, ‘सोडियम-पोटॅशियम पंप!’ चूक आहे, पण दोष त्यांचा नाही. पुस्तकात पंप आणि चॅनल एकाच पडद्यात शेजारी-शेजारी काढलेले असतात, आणि दोन्हींतून सोडियमच जातो.

मी गोव्यातल्या चोडणचा, त्यामुळे मला हा फरक खाजनात, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेतात कळला. खाजनाची जमीन भरतीच्या पातळीच्या खाली. बांधाच्या मानसात, म्हणजे पाणी सोडायच्या-अडवायच्या फळ्यांच्या दारात, ओंडका अडकून फळ्या उघड्या राहिल्या, तर भरतीचं खारं पाणी आपणहून शेतात घुसतं, कुणी ढकलावं लागत नाही. तेच पाणी भरती असतानाच बाहेर काढायचं म्हटलं, तर मोटर लावा आणि डिझेल जाळा.

चॅनल म्हणजे हा मानस. पेशीबाहेर सोडियम आतल्यापेक्षा दहापट तरी जास्त, शिवाय सोडियमचे कण धन भाराचे आणि आतली बाजू सुमारे उणे 70 मिलिव्होल्ट. दार उघडलं की सोडियम आत धावणारच. मात्र मानस पाण्याच्या दाबाने हलतो, हे दार व्होल्टेजने. उणे 55 च्या आसपास ते उघडतं, आत आलेला सोडियम व्होल्टेज आणखी चढवतो, मग शेजारची दारं उघडतात. सिग्नल पुढे सरकतो तो असा. एकेक दार जेमतेम मिलिसेकंदभर उघडं राहतं, लगेच आपलं आपण अडतं, आणि पोटॅशियम बाहेर पडून व्होल्टेज खाली येतं. इथेही पंप नाही, बरं का.

पंप म्हणजे मोटर. एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, त्याचा एक रेणू खर्चून तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत. सेकंदाला शंभरेक फेऱ्या झाल्या तरी खूप. उघड्या चॅनलमधून तेवढ्याच वेळात लाखो आयन (भारित कण) जातात. एवढ्या संथ यंत्राने मिलिसेकंदाचा सिग्नल कसा काढायचा? त्याचं काम आत-बाहेरचा फरक टिकवण्याचं. हा पंप डॅनिश शास्त्रज्ञ येन्स स्काऊ यांना 1957 मध्ये सापडला तो कुर्लीच्या (खेकड्याच्या) पायातल्या नसांत, आणि त्यासाठी 1997 चं नोबेल मिळालं. आपण कुर्लीचा पाय फोडतो तो वेगळ्या कारणासाठी.

1955 मध्ये हॉजकिन आणि केन्स या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी माणकीच्या (स्क्विडच्या) जातकुळीतल्या प्राण्यांच्या जाड चेतातंतूंत विष घालून हा उपसा बंद पाडला. तंतू तरीही सिग्नल नेत राहिले, कारण आधी साठवलेला फरक बराच वेळ पुरतो.

उलट प्रकार केंड माशाचा. जाळ्यात आला की फुगून चेंडू होतो आणि रापणकार त्याला बाजूला फेकतात. त्याचं विष सोडियमच्या दाराचं तोंडच बुजवतं. आधी ओठ बधिर, मग हातपाय, शेवटी श्वासाचे स्नायू. पंप मात्र तिकडे चालूच असतो.