रंगद्रव्ये, कोकणातील

चित्राला रंग देणारी, पाण्यात किंवा तेलात न विरघळणारी बारीक पूड म्हणजे रंगद्रव्य. कापडाचा रंग धाग्यात मुरतो. ही पूड मात्र पृष्ठभागावर बसते, आणि तिला धरून ठेवायला डिंक, सरस किंवा जवसाचे तेल लागते.

कोकणात ती पायाखालीच आहे. मुसळधार पावसाने खडकातली सिलिका वाहून जाते, लोह व ॲल्युमिनियमची ऑक्साइडे मागे राहतात आणि जांभा तयार होतो. त्यातल्या लोहामुळेच माती तांबडी दिसते. पाणी धरून असलेले लोहाचे ऑक्साइड पिवळे असते, ती पिवळी काव. भाजल्यावर पाणी निघून जाते आणि ती तांबडी होते. उन्हाने सहसा विटत नाही, हा या मातीच्या रंगाचा मोठा गुण. डहाणू-तलासरीकडे वारली घरांच्या भिंती गेरूने सारवून त्यांवर तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक लिहितात. पीठ टिकाऊ नसते, पण चौक लग्नापुरताच असल्याने ती उणीव मानणे चूक ठरेल.

दक्षिण कोकणात पिंगुळीची चित्रकथी, म्हणजे चित्रे दाखवत कथा सांगणे, आणि सावंतवाडीचा गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते, या कलांना सावंतवाडी संस्थानाचा आश्रय होता. दशावतारी गंजिफाची १२० गोल पाने रंगवून त्यांवर लाखेचा लेप देत. भारतीय चित्रपरंपरेत काजळी आणि निळीबरोबर हिंगूळ व हरताळही वापरत. हिंगूळ हे पाऱ्याचे सल्फाइड आणि हरताळ आर्सेनिकचे, दोन्ही विषारी. पोथीतली चूक झाकायला लेखक पिवळा हरताळ लावत, त्यावरूनच ‘हरताळ फासणे’ रूढ झाले. पुढे कृत्रिम रंग आले. १८२८ मध्ये कृत्रिम अल्ट्रामरीन निळा तयार झाला, १८९७ मध्ये कृत्रिम नीळ बाजारात आली. आजचे चितारी बहुधा तयार पोस्टर रंगच वापरतात.

रत्नागिरीच्या वाळूची गोष्ट मला या साऱ्यांहून विलक्षण वाटते. मांडवीच्या किनाऱ्याला लोक ‘काळा समुद्र’ म्हणतात. या किनारपट्टीवरच्या काळ्या वाळूत इल्मेनाइट आहे, म्हणजे लोह आणि टायटॅनियमचे ऑक्साइड. जगभर मुख्यतः याच खनिजापासून टायटॅनियम पांढरा हा रंग बनतो. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास त्याचे व्यापारी उत्पादन सुरू झाले आणि शिशापासून बनणारा विषारी सफेदा हळूहळू मागे पडला. प्रकाश फार जोरात वळवत असल्याने त्याचा पातळ थरही खालचा रंग झाकतो. सल्फ्युरिक आम्लाच्या पद्धतीत इल्मेनाइट विरघळवून त्यातले लोह वेगळे काढतात. ते हिराकस, म्हणजे लोहाचे सल्फेट, म्हणून बाहेर पडते. पोथ्यांच्या शाईत हिरड्याबरोबर घालत तीच ही हिराकस. ती भाजली की लोहाचे तांबडे ऑक्साइड उरते. गेरूला तांबडेपणा देणारे द्रव्यही तेच.