बंद कारखान्यांच्या जमिनी: सफाईच्या कायद्यांची पार्श्वभूमी

१९५३ साली अमेरिकेतल्या नायगारा फॉल्स शहरात हुकर केमिकल कंपनीने लव्ह कॅनॉल ही जागा तिथल्या शाळा मंडळाला एका डॉलरला विकली. तिथल्या अर्धवट खोदलेल्या कालव्यात कंपनीने १९४२ पासून सुमारे २० हजार टन रासायनिक कचरा पुरून वर चिकणमाती टाकली होती. जमिनीखाली रसायनं आहेत आणि पुढे कुणाला इजा झाल्यास कंपनी जबाबदार नाही, असं खरेदीखतात स्पष्ट लिहिलेलं होतं. तरीही तिथे शाळा उभी राहिली, शेजारी घरं झाली. मातीचा थर फुटला, पावसाचं पाणी आत गेलं आणि रसायनं तळघरांत झिरपू लागली. रहिवाशांनी, त्यातही घराघरांतल्या आयांनी, प्रश्न लावून धरला. ऑगस्ट १९७८ मध्ये राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांना आणीबाणी जाहीर करावी लागली.

त्यातूनच डिसेंबर १९८० मध्ये विषारी कचऱ्याच्या जागा साफ करण्यासाठीचा ‘सुपरफंड’ कायदा आला. जुना मालक, आजचा मालक, कचरा पाठवणारा असे सगळेच सफाईच्या खर्चाला बांधील ठरले. कचरा टाकला तेव्हा ते बेकायदा नसलं तरीही. माझ्या मते हे न्याय्यच होतं. पण भलतंच देणं गळ्यात पडेल या भीतीने अशी जमीन घ्यायला कुणी धजेना. विकासक शहराबाहेरच्या कोऱ्या जमिनीकडे वळले आणि जुने कारखाने कुंपणाआड तसेच पडून राहिले. झळ बसली ती कुंपणालगत राहणाऱ्यांना, आणि ते बहुतेक गरीबच. शेवटी २००२ च्या कायद्याने, खरेदीआधी रीतसर तपासणी करणाऱ्या नव्या खरेदीदाराला संरक्षण दिलं.

किती साफ करायचं, यावरही मतं बदलत गेली. नेदरलँड्समधल्या लेकरकेर्क गावात १९८० मध्ये घरांखाली विषारी कचऱ्याची पिंपं सापडली. तिथल्या १९८३ च्या कायद्यानंतर माती कोणत्याही वापराला योग्य करण्याचं धोरण आलं. खर्च झेपेना, तेव्हा १९९० च्या दशकात जागेच्या वापरानुसार निकष ठरू लागले. सिअॅटलमध्ये १९५६ साली बंद पडलेल्या गॅस कारखान्याच्या जागी १९७५ मध्ये बाग झाली. माती मिश्रणं घालून सुधारली, जुने मनोरे तसेच ठेवले. पण गॅस बनवताना निघालेल्या डांबराचे अंश खाली राहिले आणि पुढेही सफाई करावी लागली.

वापरानुसार सफाई म्हणजे काही विष जागेवरच ठेवणं. म्हणून विहीर खणू नये, तळघर बांधू नये, वरचा थर उकरू नये अशा अटी जमिनीच्या कागदपत्रांत नोंदवल्या जातात. त्या तिथे राहायला येणाऱ्या भाडेकरूलाही आधीच सांगितल्या गेल्या पाहिजेत.