ग्राफिक्स ड्रायव्हरची रेस-चाचणी

ग्राफिक्स ड्रायव्हरमध्ये (ग्राफिक्स प्रोसेसरकडून काम करवून घेणाऱ्या आज्ञावलीत) एकाच वेळी चालणारे थ्रेड (कामाचे स्वतंत्र धागे) परस्परांच्या कामात शिरून चुकीचे फळ देतात का, हे शोधण्याची चाचणी. चित्र क्षणभर फाटणे, खेळ मध्येच गोठणे किंवा सबंध यंत्रणा कोसळणे ही अशा दोषाची दृश्य रूपे होत. दोष दर वेळी घडत नाही. हजारदा नीट चाललेली आज्ञावली एक हजार एकाव्या वेळी अडखळते, म्हणून ‘चालवून पाहिले, चालले’ हा पुरावा येथे अपुरा ठरतो.

‘रेस’ ही संज्ञा सॉफ्टवेअरपेक्षा जुनी आहे. स्विचिंग मंडलात दोन संकेत निरनिराळ्या वाटांनी निघतात आणि कोणता आधी पोचतो यावर निष्पत्ती ठरते, त्या स्थितीला हे नाव मिळाले. तिचा उगम सामान्यतः डेव्हिड हफमन यांच्या १९५४ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या, क्रमिक मंडलांवरील लेखनापर्यंत नेला जातो. सॉफ्टवेअरच्या बाजूने याच्या निकटचा प्रश्न, म्हणजे एका वेळी एकानेच सामाईक वस्तू हाताळावी हा, एड्स्गर डायक्स्ट्रा यांनी १९६५ मध्ये मांडला. रेस कंडिशन आणि डेटा रेस हे शब्द मात्र पुढे बराच काळ सरमिसळ वापरले गेले. एका नावाखाली दोन वेगळे दोष वावरतात, हे रॉबर्ट नेट्झर व बार्टन मिलर यांनी १९९२ मध्ये दाखवले. सी भाषेच्या २०११ च्या मानकाने डेटा रेसची व्याख्या आणखी आवळली : दोन थ्रेड एकाच स्मृतिस्थानाला हात लावतात, निदान एक जण तेथे लिहितो, निदान एकाची क्रिया अविभाज्य (मध्येच न तुटणारी) नसते आणि दोहोंत आधी-नंतरचे नाते नसते.

दादरच्या पुलावर उभ्या असलेल्या प्रवाशाला हा भेद लगेच कळेल. इंडिकेटरवरची अक्षरे बदलत असतानाच वाचली आणि अर्धे नाव जुन्या गाडीचे, अर्धे नव्या गाडीचे हाती आले, तर ती डेटा रेस. नाव व फलाट अचूक वाचले, पण जिना उतरेपर्यंत गाडी दुसऱ्या फलाटावर लागली, तर ती रेस कंडिशन. दुसऱ्या प्रकारात वाचन निर्दोष असते, निर्णय तेवढा शिळा होतो. स्वयंचलित साधने पहिला प्रकार बऱ्यापैकी पकडतात. दुसरा पकडायला आज्ञावलीचा हेतू ठाऊक असावा लागतो.

साधनांचे दोन मुख्य मार्ग आहेत. लेस्ली लॅम्पोर्ट यांच्या १९७८ च्या ‘आधी घडले’ या नात्यावर एक मार्ग उभा आहे : दोन क्रियांत आधी-नंतरचा क्रम ठरलेला आहे का, ते तपासायचे. १९९७ मधील ‘इरेझर’ने दुसरा मार्ग रूढ केला : प्रत्येक सामाईक स्थानाला नेमके कोणते लॉक (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारे कुलूप) राखते, ते तपासायचे. हा मार्ग खोटे इशारे अधिक देतो, म्हणून आधुनिक साधनांचा कल पहिल्याकडे आहे आणि तो योग्य वाटतो. थ्रेडसॅनिटायझर हे त्यांतले आज सर्वांत उपयोगी साधन. त्याखाली आज्ञावली साधारण ५ ते १५ पट मंदावते आणि दोष घडण्याची वेळच सरकते. व्हॅलग्रिंड या तपासणी-संचातील हेलग्रिंड या रेस शोधणाऱ्या साधनाला नेहमीची लॉक समजतात. मेसा या मुक्त ग्राफिक्स संग्रहात मात्र फ्यूटेक्सवर (थ्रेडला थांबवण्या-उठवण्याची लिनक्सची सोय) स्वतः रचलेले हलके लॉक वापरले जाते, त्यासाठी हेलग्रिंडला खुणा करून सांगावे लागते.

लिनक्स कर्नलमध्ये (कार्यप्रणालीच्या गाभ्यात) २०२० पासून केसीसॅन हे डेटा रेस शोधणारे साधन आहे. ते निवडक स्मृतिस्थानांवर पाळत ठेवते, चालू थ्रेडला मुद्दाम थोपवते (मूळ मांडणीत सुमारे ८० मायक्रोसेकंद) आणि तेवढ्यात दुसरे कोणी तेथे येते का ते बघते. इतर साधनांना गैरसोयीचा असलेला विलंब येथे सापळा बनतो. ‘निरुपद्रवी’ रेसला आज्ञावलीत खूण करून मोकळे सोडावे की दुरुस्त करावे, यावर मतभेद आहेत. निदान खूण तरी हवी, कारण खूण नसलेली रेस पुढच्या वाचकाला चूक वाटते आणि खरी चूक तिच्या आड लपते.

खरी अडचण ग्राफिक्स प्रोसेसरची आहे. तो स्वतःच एक धावक आहे, पण वरील साधनांना तो दिसत नाही. काम संपल्याची खूण ‘फेन्स’ देते. ती येण्याआधी ड्रायव्हरने बफर (कामासाठी राखलेली स्मृती) मोकळा केला, तर प्रोसेसर दुसऱ्याच कोणाच्या स्मृतीत लिहू शकतो आणि थ्रेडसॅनिटायझर गप्प राहतो. ही उणीव दोन बाजूंनी भरून काढतात. इंटेलकडून सुरू झालेल्या आयजीटी संचातील चाचण्या प्रत्यक्ष यंत्रावर कामे, फेन्स व पडद्यावरील बदल एकमेकांवर आदळवतात. लॅव्हापाइप व एलएलव्हीएमपाइप हे सॉफ्टवेअर ड्रायव्हर रेखाटनही मुख्य प्रोसेसरवर करतात, त्यामुळे सारे धावक साधनाच्या नजरेत येतात. व्हल्कन या अनुप्रयोग व ड्रायव्हर यांना जोडणाऱ्या ग्राफिक्स मानकात (२०१६) अनेक वस्तूंची राखण अनुप्रयोगावरच सोपवलेली आहे. तेथे चाचणी लिहिणाऱ्याने आधी स्वतःची चाचणी नियमात बसते का, ते पाहावे. एक्स८६ प्रोसेसरवर महिनोन्‌महिने न दिसलेला दोष एआरएमच्या सैल स्मृतिक्रमात (वाचन-लेखन इतर थ्रेडना वेगळ्या क्रमाने दिसू शकते अशा रचनेत) उघडा पडू शकतो.

मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या टिफ्रॅक संगणकाला (१९६०) आलेख व अक्षरे दाखवणारा कॅथोड किरण नळीचा पडदा जोडलेला होता. १९८५ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रात संगणकीय ग्राफिक्सवर काम झाले. पुढे हे केंद्र सी-डॅकमध्ये विलीन झाले. आज पवईच्या वसतिगृहात वा डोंबिवलीच्या घरात साध्या लॅपटॉपवरही लॅव्हापाइप थ्रेडसॅनिटायझरसह बांधून चालवता येतो, वेगळे ग्राफिक्स कार्ड लागत नाही.