मोर्चाचे वृत्तछायाचित्र : रचना-विश्लेषण

मोर्चा किंवा निदर्शनांच्या वृत्तछायाचित्रात कॅमेरा कुठे उभा होता, लेन्स कोणती होती आणि चौकटीबाहेर काय राहिले, याची तपासणी म्हणजे रचना-विश्लेषण. नजर आधी झेंड्यांकडे आणि चेहऱ्यांकडे धावते. तपासणी मात्र कडांपासून सुरू करावी, कारण गर्दी केवढी वाटावी हे बरेचसे तिथेच ठरते.

अखिल भारतीय किसान सभेचा शेतकरी लाँग मार्च ६ मार्च २०१८ रोजी नाशिकहून निघाला आणि सुमारे १८० किलोमीटर चालून १२ मार्चला मुंबईत आझाद मैदानावर पोचला. कसारा घाटात वरून फोटो काढला की रस्ता चौकटीत नागमोडी उतरतो आणि लाल टोप्या-झेंड्यांचा एकच पट्टा होतो. रांगेची दोन्ही टोके कडांनी कापलेली असली की ती संपतच नाही असे वाटते. सपाट रस्त्यावर समोरून, लांबून टेलिफोटो (दूरचे जवळ ओढणारी लेन्स) लावला तर पुढे-मागे चालणारी माणसे एकमेकांना चिकटलेली दिसतात. तेच वाइड अँगल (रुंद आवाका टिपणारी लेन्स) घेऊन गर्दीत शिरले, तर एक वळलेली मूठ चौकटभर होते आणि मागच्या रांगांमधले मोकळे डांबर उघडे पडते.

म्हणून टेलिफोटो चित्रावरून आकडा काढू नये. १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाचे पत्रकारितेचे अध्यापक हर्बर्ट जेकब्स यांनी जागेचे चौकोन पाडून गर्दी मोजायची रीत घालून दिली : विरळ गर्दीत माणशी १० चौरस फूट, दाट गर्दीत सुमारे साडेचार. त्यासाठी जमीन दिसावी लागते.

या मोर्चाच्या सर्वाधिक फिरलेल्या चित्रांपैकी काहींत गर्दी नव्हतीच. होते फक्त पायांचे तळवे : फुटलेले फोड, सोललेली कातडी. घाटातल्या लाल पट्ट्यातून अंतर कळते, ते किती जड गेले हे तळव्यातून. पण चौकट इतकी आवळली की माणसाचे गाव जाते, मागणीही जाते. चालणाऱ्यांत बहुसंख्य आदिवासी होते आणि कसत असलेल्या वनजमिनीचा हक्क मागत होते. हे तळवा सांगत नाही, कॅप्शनला सांगावे लागते.

शेवटच्या टप्प्यात दहावीच्या परीक्षार्थींना त्रास नको म्हणून मोर्चेकरी मुंबईतल्या सोमय्या मैदानातून रात्रीच पुढे निघाले. अंधारात लाल रंग मळतो, रांगेची खोली हरवते. मोर्चाची सर्वांत समंजस गोष्ट कॅमेऱ्यासाठी सर्वांत गैरसोयीची ठरली.